गावात गोष्टींची संध्याकाळ करायचीय? आधी हुंकार देणारे जमवा

गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर जा, पेडण्यात जा, सत्तरीत जा, काणकोणात जा, गोष्टी सांगणारं एखादं म्हातारं माणूस तिथे असतंच. कमी पडतात ते ऐकणारे. आणि तरीही लोककथांची संध्याकाळ ठेवायची म्हटली की लोक पहिल्यांदा बॅनर, स्टेज, साउंडवाला आणि प्रमुख पाहुणे ह्यांच्या मागे लागतात, मग त्या म्हाताऱ्या माणसाला शाल घालून खुर्चीवर बसवतात, हातात माईक देतात, आणि ते बिचारं दोन मिनिटं काहीतरी बोलून खाली उतरतं. मग म्हणतात आता कोणाला काही आठवत नाही. आठवतं हो सगळं, पण गोष्ट अशी समोरच्या काळोखाकडे बघून सांगता येत नाही, तिला समोरून "हूं" लागतो. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण हूं हूं करत राहायचो आणि आपला हूं थांबला की ती लगेच विचारायची "न्हिदलो काय रे?" तोच हुंकार. तो आहे तर गोष्ट पुढे सरकते, नाही तर अडते. म्हणून मी खाली जे काही लिहितेय ते सगळं ह्या एकाच गोष्टीसाठी आहे, की सांगणाऱ्याला समोर हुंकार मिळाला पाहिजे.

पहिलं म्हणजे माणसं किती. तीस-चाळीस बास. एवढ्यांना अंगणात साधा आवाज पोचतो, सांगणाऱ्याला सगळ्यांचे चेहरे दिसतात, आणि मागचा माणूस मोबाईल काढून बसला तर त्याला लाज वाटते. शंभर माणसं जमवायची हौस असेल तर ती नाटकाला ठेवा, जत्रेत नाटक होतंच आपल्याकडे. त्या तीस-चाळीसातले दोघं-तिघं आधीच ठरवून ठेवायचे जे पुढे बसून मोकळेपणाने हूं म्हणतील, "मगे?" विचारतील, हसतील. त्यातलं एक तरी पोर हवं, आठ-दहा वर्षांचं, न लाजणारं. पोरगं "मगे किदें जालें?" असं विचारतं तेव्हा सांगणाऱ्याच्या आवाजात लगेच फरक पडतो, बघा तुम्ही. बाकीचे पाच मिनिटांत आपोआप सुरू होतात.

आता सांगणारे शोधायचे कसे. "इथे कोण लोककथा सांगतं का?" असं विचारत फिरू नका, कोणीच हो म्हणणार नाही, कारण लोककथा हा शब्द त्यांचा नाहीच. विचारायचं ते असं की धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्याच्या, मांडावर पुढे कोण गातं, शिगम्यात नमन कोण घालतं, पूर्वी काल्यात, म्हणजे देवळातल्या लोकनाट्यात, संकासूर कोण करायचा, चवथीला फुगडीची गाणी सगळ्यात जास्त कोणाला येतात, बाळंतिणीकडे कोण जायचं, घुमट, ते मातीचं वाद्य, कोण मढवतं. ह्या माणसांकडे गोष्टी असतात. सत्तरीत असाल तर रणमाले करणाऱ्यांना विचारा, तिथे रामायण-महाभारतातल्या कथा गाण्यातून आणि सोंगातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात आणि त्यातल्या कितीतरी पोथीतल्यापेक्षा वेगळ्या आहेत. आणि दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका. चार-साडेचारच्या पुढे जा, चहाच्या वेळेला, काहीतरी हातात घेऊन जा, आणि पहिल्या भेटीत रेकॉर्डर बाहेर काढूच नका.

मी एका आजीकडे गेले होते, ती सोप्यावर बसून माडाच्या चुडतांचे हीर काढत होती, एका हातात सुरी, समोर हिरव्या पात्यांचा ढीग, आणि हाताखालून एकेक हीर सुटून बाजूला पडत होता. मी म्हटलं आजी, आमच्या कार्यक्रमात तुम्ही गोष्ट सांगाल का? ती मान वर न करता म्हणाली, "म्हाका खंय काणी सांगूंक येता गो बाये." झालं, विषय संपला. मग थोड्या वेळाने मी सहज विचारलं की आजी, त्या खालच्या पिंपळाकडे लोक नारळ ठेवतात तो राखणदार कोणाचा? सुरी थांबली. मग तिने मला राखणदार रात्री कुठून निघतो, कुठल्या पायवाटेने शेताच्या बांधावर उतरतो, कोणाच्या दारात थांबतो, तिच्या सासऱ्याला घुंगूरकाठीचा आवाज कुठे आला होता आणि त्याने मागे वळून का बघितलं नाही, हे सगळं हात करून करून सांगितलं आणि काळोख पडला तरी ती थांबेना. म्हणजे गोष्ट मागायची नाही, जागा विचारायची. ही विहीर कोणी खोदली, ह्या बांधाचं मानस, म्हणजे पाण्याचं दार, कोणाच्या नावाने ओळखतात, सांतेरी देवीच्या देवळात रोयण, म्हणजे वारूळ, आहे तिची पूजा कधी सुरू झाली, ह्या दगडाला शेंदूर का. आपल्याकडे प्रत्येक तळी, प्रत्येक वड, प्रत्येक बांध कुठल्यातरी गोष्टीत आहे, आणि जागेचं नाव निघालं की गोष्ट मागोमाग येतेच.

तारीख ठरवताना पंचांग समोर ठेवा, नुसता शनिवार-रविवार बघू नका. तुळशीचं लग्न झालं की पाऊस गेलेला असतो, भात घरात आलेलं असतं, आणि पौष लागेपर्यंतचा काळ गोष्टींना सगळ्यात चांगला, संध्याकाळी सहालाच काळोख पडायला लागतो आणि थंडीही बेताची. पौषात बायका धालोच्या मांडावर असतात, ज्यांना बोलवायचं त्याच नेमक्या बिझी. फाल्गुनात शिगमो. काजूच्या दिवसांत माणसं पहाटे डोंगरावर जातात, रात्री जागणार नाहीत. आसपासच्या गावांच्या जत्रा कधी आहेत ते देवळात विचारून घ्या. अमावास्या टाळा, काही घरांत म्हातारी माणसं त्या रात्री बाहेर पडत नाहीत, आणि पौर्णिमेच्या जवळची तारीख मिळाली तर घरी परत जाताना पायवाटेवर उजेड असतो. पावसातही करता येते, श्रावण तर कहाण्यांचाच महिना, पण मग जागा आत पाहिजे आणि कौलांवर पाऊस जोरात आला की आवाज बुडतो हे लक्षात ठेवून माणसं वीसच बोलवायची.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे, हॉल नको. गोव्यात चांगली सभागृहं आहेत, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर आहे, साखळीला रवींद्र भवन आहे, मडगावला आहे, नाटकाला उत्तम, पण ह्या कामाला नाही. स्टेजवरचे लाईट डोळ्यांत गेले की सांगणाऱ्याला माणसं दिसत नाहीत, आणि माणसं दिसली नाहीत की हुंकार कुठून येणार. घराचं अंगण, तुळशीवृंदावनापुढची सारवलेली जागा, मोठं राजांगण असलेलं जुनं घर, देवळाची अग्रशाळा, किंवा एखाद्या किरिस्तांव, म्हणजे ख्रिश्चन, शेजाऱ्याचा ऐसपैस बाल्कांव, पुढचा व्हरांडा हो, ह्यातलं काहीही चालेल. फक्त मांडावर करायचं मनात असेल तर जरा थांबा. मांड ही मोकळी जागा दिसते पण ती मोकळी नसते, तिथे देवपण आहे, तिथे चप्पल घालून जात नाहीत, आणि ज्या घराण्याकडे मांडाचा मान आहे त्यांना विचारल्याशिवाय तिथे खुर्च्या लावणं बरोबर नाही. विचारलंत आणि नको म्हणाले तर तिथेच विषय सोडा. देवळाच्या जागेत करणार असाल तर महाजनांना किंवा कमिटीला आधी भेटा, लेखी पत्र द्या.

बसण्याची व्यवस्था अर्धगोल. सांगणाऱ्याच्या पाठीमागे भिंत पाहिजे, आवाज पुढे येतो. त्याला फार उंचावर बसवू नका, पायरीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसला तरी पुरे. पोरं सगळ्यात पुढे चटईवर, म्हाताऱ्यांना मागे खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांतल्या दोन पुढे बाजूला ठेवा कारण ऐकता ऐकता एखाद्या आजोबांना मध्येच "तशें न्हय तें" असं म्हणून दुरुस्ती करायची असते आणि ती दुरुस्ती हा संध्याकाळचा सगळ्यात चांगला भाग असू शकतो. ट्यूबलाईट बंद करा. एक पिवळा बल्ब आडोशाला, सांगणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा, आणि समई किंवा दिवली जवळ. पण पायऱ्यांवर, बाथरूमच्या वाटेवर, विहिरीच्या बाजूला नीट उजेड ठेवा, वातावरणनिर्मितीसाठी कोणाचा पाय मोडायला नको. डासांसाठी नारळाची सुकी सोडणं पेटवून थोडा धूर करा, कॉइलपेक्षा बरं, आणि वारा कुठून येतो ते बघून ठेवा नाहीतर सगळा धूर सांगणाऱ्याच्या घशात जातो.

माईक शक्यतो नकोच. लावायचाच असेल तर एक छोटा कॉलर माईक आणि एक छोटा स्पीकर, म्हणजे हात मोकळे राहतात, कारण हात बांधले तर अर्धी गोष्ट गेली. परवानगी आधी काढा, आणि रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद हा नियम सगळ्या देशाला आहे, गोव्यात त्यावर तक्रारी लगेच होतात. सातला सुरू करा, साडेनऊला माईक बंद, त्यानंतर ज्यांना थांबायचंय ते आणखी जवळ सरकून बसतात आणि खरं सांगायचं तर भुताच्या गोष्टी तेव्हाच रंगतात.

क्रम कसा लावायचा ह्यावर मी बराच विचार केलाय. सुरुवात भाषणाने करू नका, सूत्रसंचालन तर अजिबात नको. गावात देवाला गाऱ्हाणं घालणारा मानकरी असेल आणि तो यायला तयार असेल तर त्याच्या गाऱ्हाण्याने सुरू करा, कारण त्यात प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं, आणि पाच मिनिटांत अख्ख्या अंगणाचा आवाज मोकळा होतो. पण ज्याचा मान आहे त्यानेच ते घालायचं, एखाद्या हौशी नटाकडून करून घेऊ नका. नाहीच जमलं तर हुमाणी घ्या, कोडी हो. "सूपभर लाह्या, मधी रुपया" असं म्हटलं की वर बघून पोरं ओरडतात चांदण्या आणि चांद! मग "पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब", मग म्हाताऱ्या बायका त्यांची काढतात, ती जास्त कठीण असतात आणि काही थोडी चावटही. दहा मिनिटं द्या. मग एक छोटी प्राण्याची गोष्ट, जिच्यात सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ आहे. चिऊकाऊची घ्या, काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस येतो, घर वाहून जातं, चिऊताई चिऊताई दार उघड, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. सगळ्यांना माहीत आहे म्हणून टाळू नका, माहीत आहे म्हणूनच घ्यायची. पन्नाशीचे पुरुष सुद्धा ती ओळ म्हणतात.

मग मोठी गोष्ट. एका संध्याकाळी दोन मोठ्या गोष्टी पुरे, तीन म्हणजे अगदी कमाल. एका सांगणाऱ्याला वीस-पंचवीस मिनिटं मिळाली पाहिजेत आणि घड्याळ दाखवायचं नाही, कोणी चाळीस मिनिटं घेतली तर घेऊ दे. दोन मोठ्या गोष्टींच्या मध्ये चहा. त्यानंतर जागेच्या गोष्टी, आमच्या विहिरीची, तुमच्या पिंपळाची, ह्यात कोणीही उभं राहून सांगू शकतं. आणि भुतं शेवटी, देवचार, आळवंतीण वगैरे, पण पोरं किती लहान आहेत ते बघून.

आता समजा सांगणारं म्हातारं माणूस एकच आहे आणि बाकी तुम्हालाच सांगायचंय. चांगलंच आहे, शिका. पण कागद बघून वाचायचं नाही, आणि पाठ करून घडाघडा म्हणायचंही नाही. गोष्टीची हाडं काढायची. शिरगावच्या लईराई देवीची घ्या उदाहरणार्थ. सात बहिणी आणि एक भाऊ घाट उतरून येतात. एका जागी थांबतात, आग आणायला भावाला, खेतोबाला, गावात पाठवतात. तो तिथे पोरांबरोबर खेळत बसतो. इकडे वाट बघून बघून लईराई जाते आणि रागाने त्याला लाथ मारते. मग पस्तावते, भावाला पाय लावला म्हणून, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून मी निखाऱ्यांवरून चालेन म्हणते. बहिणी पांगतात, लईराई शिरगावला, केळबाय मुळगावला, महामाया मयेला, मोरजाय मोरजीला, आणि मिराबाय म्हापशाला, तीच तिथल्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण. झालं, सहा-सात टप्पे. हे बोटांवर मोजता आले की गोष्ट तुमची. मधलं सगळं तुमच्या शब्दांत येऊ दे, दर वेळी वेगळं आलं तरी चालेल. फक्त एक-दोन वाक्यं ठरवून ठेवा जी दर वेळी तशीच येतील, पहिलं वाक्य आणि लाथेनंतरचं वाक्य. आणि लाथेनंतर थांबा. खरंच थांबा, तीन श्वास. मी एका सांगणाऱ्या बाईला बघितलंय, ती लाथेपर्यंत भरभर येते, मग गप्प होते, पदराचं टोक मुठीत धरते आणि हळू आवाजात म्हणते "भाव न्हय गो तो?" अंगणात कोणी हलत नाही. ती ना आवाज काढते ना रडण्याचा अभिनय करते. नाटकात काम केलेली आपली माणसं इथे घोटाळा करतात, उभं राहून हातवारे आणि स्वगत सुरू करतात, त्यांना आधीच प्रेमाने सांगायचं की दादा बसूनच सांगा, आम्हाला खेतोबा दाखवू नका, आम्हीच बघतो.

हीच गोष्ट शिरगावला एक सांगतात, मुळगावला वेगळी, आणि म्हापशाला मिलाग्रीसच्या फेस्ताला तेल घेऊन जाणारं माणूस आणखी वेगळी सांगेल. लईराईकडून तेल जातं आणि मिराबायकडून मोगऱ्याची फुलं येतात असंही सांगतात. कुठली खरी म्हणून भांडण लावू नका, उलट मुद्दाम दोन गावांची दोन माणसं बोलवा आणि एकामागून एक तीच गोष्ट सांगायला लावा. ऐकणाऱ्यांना कळतं की गोष्ट जिवंत आहे म्हणजे नेमकं काय. आणि किरिस्तांव शेजाऱ्यांना आवर्जून बोलवा. शिवोलीचा जागर हिंदू आणि किरिस्तांव मिळून घालतात, मिलाग्रीसला दोघंही जातात, तर आपल्या अंगणातल्या संध्याकाळी अर्धा गाव बाहेर का राहावा. त्यांच्याकडेही सांताच्या गोष्टी आहेत, समुद्राच्या आहेत, तारवावर गेलेल्या आजोबांच्या आहेत.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. कार्यक्रम मराठी म्हणून कोकणी बोलणाऱ्या आजीला "जरा मराठीत सांगा ना" असं म्हटलं की ती पुस्तकी बोलायला लागते आणि गोष्ट मेली. ती जशी बोलते तशी बोलू दे. आपल्याकडे हे आधीपासूनच मिसळलेलं आहे, कथा कोकणीत आणि मधली ओवी मराठीत, काल्यात मराठी आणि त्यातला विनोद कोकणीत. जुन्या काळीही असंच होतं, सोळाव्या शतकात गोव्यात सांगितल्या जाणाऱ्या रामायण-महाभारताच्या कथा पाद्रींनी रोमन लिपीत उतरवून घेतल्या, त्यात कोकणीही आहे आणि मराठीही, आणि ती हस्तलिखितं आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं ते मराठी ओव्यांमध्ये, कारण इथल्या माणसांच्या कानाला ओवी सवयीची होती. बाहेरचे पाहुणे असतील आणि त्यांना कळलं नाही तर शेजारी बसलेल्याने कानात सांगावं, मध्येच थांबवून भाषांतर करू नये.

वाद्य पाहिजे तर घुमट, शामेळ आणि कासाळें. पण गोष्टीच्या खाली सतत वाजवत ठेवायचं नाही, सुरुवातीला एक सुवारी, म्हणजे घुमटाचं समूहवादन, मग मध्ये चहाच्या आधी, आणि शेवटी. घुमट 2019 साली गोव्याचं राज्य वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावायचे, त्याला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आता बकऱ्याचं लावतात. वाजवणाऱ्याला आणताना तेवढं विचारून घ्या, कोणाकडे आजोबांच्या काळचं पडून असतं.

कुठल्या गोष्टी घ्यायच्या नाहीत ह्यावरही बोलायला पाहिजे. काही गाणी आणि कथा फक्त मांडावर, ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या माणसांनीच म्हणायच्या असतात. आजी म्हणाली की "ती हांगा सांगपाची न्हय" तर आग्रह करू नका, हसून दुसरी मागा. जुन्या गोष्टींत कधी कधी एखाद्या जातीला किंवा कामाला हिणवणारे शब्द येतात, सांगणाऱ्याला आधी एकांतात भेटून बोलून घ्या, बहुतेक जण समजूतदारपणे बदलतात. आणि एक माझं स्वतःचं म्हणणं, टुरिस्ट गाईड सांगतात त्या गोष्टी आणि गावच्या गोष्टी एकाच टोपलीत घालू नका. दोना पावला म्हणजे कोळ्याच्या प्रेमात पडून कड्यावरून उडी मारलेली मुलगी असं पर्यटकांना सांगतात, पण दोना पावला ही सतराव्या शतकात होऊन गेलेली लग्न झालेली घरंदाज बाई, तिच्या कबरीची शिळा काबोच्या चॅपेलमध्ये आहे. ती उडीची गोष्ट सांगायला हरकत नाही, फक्त ती कोण आणि कोणाला सांगतं तेही बरोबर सांगा. दूधसागरची राजकन्या आणि तिने ओतलेला दुधाचा घडा, ती मात्र पोरांना फार आवडते, घ्या खुशाल. म्हापशाचा बोडगेश्वर तर हवाच, हातात काठी, पायात वहाणा, रात्रभर गावाची राखण. त्याची गोष्ट म्हापशाच्या माणसाने सांगितली की ऐकणाऱ्यातले चार जण लगेच आपापला अनुभव काढतात, त्यांना काढू दे.

खायला भाजलेले चणे, शेंगा, पोहे, खाजें, हळदीच्या पानांचे दिवस असतील तर पातोळ्या, आणि आल्याचा चहा किंवा कोकम सरबत. कुरकुऱ्यांची पाकिटं नकोत, त्यांचा आवाज गोष्टीच्या मध्ये येतो आणि सकाळी अंगणभर प्लास्टिक. खाणं चहाच्या वेळेलाच वाटा, गोष्ट चालू असताना ट्रे घेऊन माणसांमधून फिरू नका. सांगणाऱ्यासाठी कोमट पाण्याचा तांब्या जवळ, आणि त्याच्या शेजारी घरातलंच कोणीतरी बसलेलं असू दे, नवखं म्हातारं माणूस त्याने निवांत होतं.

पैशांचं आधीच बोला. शाल-श्रीफळ द्या, ते आपल्याकडे मानाचं आहे, पण त्याबरोबर मानधन पाकिटात द्या आणि आकडा आधी कळवा. माईकवाल्याला, मंडपवाल्याला आपण रोख पैसे देतो आणि जिच्या गोष्टीसाठी सगळे जमलो तिला नारळ देऊन पाठवतो, हे मला पटत नाही. न्यायला-आणायला गाडी पाठवा, नुसती "या" म्हणून सोडू नका, आणि रात्री घरापर्यंत पोचवा. घरचं एखादं माणूस सोबत येणार असेल तर त्याच्याही चहापाण्याचं बघा.

रेकॉर्डिंग जरूर करा पण विचारून, आणि विचारताना स्पष्ट करा की हे यूट्यूबवर टाकणार आहात का फक्त ठेवणार आहात. बऱ्याच जणांना ठेवायला चालतं, टाकायला नाही. देवतेच्या गोष्टींबद्दल तर हमखास. फोन फ्लाईट मोडवर टाका, सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर टॉवेलाच्या घडीवर ठेवा म्हणजे जमिनीचा आवाज येत नाही, आणि दुसरा फोन ऐकणाऱ्यांमध्ये ठेवा, कारण हुंकार, हसणं, "तशें न्हय तें" हे सगळं त्यात यायला पाहिजे, नुसती गोष्ट म्हणजे अर्धं रेकॉर्डिंग. सुरुवातीला किंवा शेवटी एवढं बोलून घ्या: नाव, गाव, वाडा, तारीख, आणि ही गोष्ट कोणाकडून ऐकली. हा शेवटचा प्रश्न कधीच विसरू नका. "म्हज्या मावशेकडल्यान, ती दिवचलेची" असं एक वाक्य आलं की पुढच्या वेळी कुठे जायचं ते कळतं. पुढच्या एक-दोन दिवसांत बसून एका वहीत गोष्टीचे टप्पे लिहून काढा, ज्या शब्दांचा अर्थ लागला नाही ते वेगळे लिहा, आणि परत त्यांच्याकडे जाऊन विचारा. तेव्हा जाताना रेकॉर्डिंगची एक कॉपी त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये टाकून द्या.

संध्याकाळ संपवायची ती कहाणीने. आटपाट नगर होतं अशी एखादी श्रावणातली छोटी कहाणी घ्या, गावातल्या कोणाही काकीला येते, आणि शेवटी "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" हे सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं. आभारप्रदर्शन त्याच्या आधी उरकून टाका, दोन मिनिटांत, म्हणजे ह्या ओळीनंतर कोणाला काही बोलावं लागत नाही. चटया गुंडाळताना माणसं घुटमळतात, एखादा कोपऱ्यात धरून म्हणतो आमच्या वाड्यावरची तळयेची गोष्ट वेगळी आहे हां, तेव्हा लगेच वही काढा आणि त्याचं नाव, घर आणि कुठल्या वेळेला घरी असतो ते लिहून घ्या, पुढच्या महिन्यात सुरुवात त्याच्यापासून.